विणकरांच्या गावचा फुटबॉल संघ

आपल्या आजे-पणज्यांच्या काळी बाजारात जे विलायती धोतर मिळे, ते पुष्कळदा इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातून आलेलं असे. त्या परगण्यात ब्लॅकबर्न नावाचं गिरण्यांचं गाव आहे. हिंदुस्थानात खपणारी धोतरं विणण्यात या गावाचा हात धरणारं दुसरं गाव क्वचितच असेल. याच गावात 1875 साली ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल संघ निघाला. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. खेळायला आणि खेळ पाहायला फुरसत लागते. 1850 सालच्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका-मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागलं. ही माणसं गेल्यावर गिरणी चालणार कशी? तेव्हा पुरुषांनाही अर्धी सुट्टी मिळू लागली. शनिवारी दुपारी मैदान गाठायची चाल पडली ती अशी.

त्या काळी फुटबॉलची सूत्रं शाळा-कॉलेजांत शिकलेल्या श्रीमंत मंडळींच्या हाती होती. खुद्द रोव्हर्सही अशाच शिकलेल्या तरुणांनी काढला. खेळाचे पैसे घेणं म्हणजे खेळ बाटवणं, असं ही मंडळी म्हणत. पण विणकराने काय करावं? परगावी सामन्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. ज्याच्या घरी इस्टेट आहे त्याला फुकट खेळणं परवडतं. ज्याची चूल मजुरीवर पेटते त्याला ते कसं जमावं?

म्हणून लँकेशायरच्या संघांनी आडवाटेने पैसे द्यायला सुरुवात केली. स्कॉटलंडहून चांगले खेळाडू येऊ लागले. फर्गस सूटर हा ग्लासगोचा पाथरवट त्यांतलाच एक. 1880 साली तो शेजारच्या डार्वेन गावच्या संघातून रोव्हर्समध्ये आला. इंग्लंडचा दगड फार कठीण, असं सांगून त्याने छिन्नी-हातोडा खाली ठेवला, असं म्हणतात. मग पोट कशावर भरत होतं, हे न सांगताही सर्वांना कळत होतं!

1882 साली असोसिएशनच्या करंडकाच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्स या बड्या घरच्या संघाने रोव्हर्सला हरवलं. पुढच्याच वर्षी त्याच संघाला ब्लॅकबर्नमधल्याच ऑलिंपिक या दुसऱ्या संघाने दोन विरुद्ध एक गोलने नमवलं. ऑलिंपिकमध्ये विणकर होते, लोखंडाच्या कारखान्यातले कामगार होते. करंडक कामगारांच्या हाती आला तो तेव्हा प्रथम. 1884, 1885 आणि 1886 असा लागोपाठ तीनदा तो रोव्हर्सने जिंकला. तेव्हापासून आजवर सलग तीन वर्षं तो कुणाला जिंकता आलेला नाही. दरम्यान 1885 साली असोसिएशनने धंदेवाईक खेळाडूंना मान्यता दिली.

मान्यता मिळाली, पण पगार दर आठवड्याला द्यायचा. मग सामनेही दर आठवड्याला ठरलेले हवेत. या गरजेतून 1888 साली बारा संघांची फुटबॉल लीग निघाली. त्यांतले सहा संघ लँकेशायरचे होते, आणि रोव्हर्स त्यांत होता. ऑलिंपिक मात्र 1889 साली बंद पडला. रोव्हर्सने 1912 आणि 1914 साली लीगचं विजेतेपद मिळवलं.

पहिल्या महायुद्धानंतर गावाचे दिवस फिरले. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानी कापड आणि स्वदेशीची चळवळ यांमुळे गिऱ्हाईक तुटलं. 1931 साली गांधीजी डार्वेनला गेले, तेव्हा बेकार झालेल्या गिरणीकामगारांनीही त्यांचं प्रेमाने स्वागत केलं.

संघाला पुढे वर काढलं जॅक वॉकर या गावच्याच पोलाद-व्यापाऱ्याने. 1991 साली त्याने संघ ताब्यात घेऊन हात सैल सोडला. 1995 साली, म्हणजे 81 वर्षांनी, रोव्हर्स पुन्हा देशाचा विजेता झाला. मँचेस्टर युनायटेडपेक्षा अवघा एक गुण जास्त! 2000 साली वॉकर वारला. 2010 साली हा संघ विकत घेतला तो कुणी? आपल्या पुण्याच्या वेंकीज या कोंबडीपालनाच्या उद्योगसमूहाने. धोतर तिकडून इकडे येई. आता मालकी इकडून तिकडे गेली.

पण 2012 साली संघ वरच्या श्रेणीतून खाली उतरला. त्या सामन्यात रागावलेल्या प्रेक्षकांनी मैदानात चक्क एक कोंबडी सोडली. 2017 साली संघ तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला आणि 2018 साली पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला.

ती कोंबडी पाहून हसू येतं. पण तिच्यामागे एक गंभीर प्रश्न आहे. कागदोपत्री संघ भाग-भांडवलवाल्याचा असतो. तरीही ज्यांचे पणजोबा शनिवारी गिरणी सुटल्यावर तिथे जाऊन उभे राहत, त्यांचा त्यावर काही हक्क आहे की नाही? कायद्याच्या वहीत त्या हक्काला फार काळ रकाना नव्हता. आपल्या गावची तालीम, वाचनालय किंवा शाळा चालवणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये. रोव्हर्सच्या बिल्ल्यावर लॅटिन भाषेतलं गावचंच ब्रीद आहे. त्याचा अर्थ, ‘कौशल्याने आणि श्रमाने’. पैसा वॉकरने घातला, पुणेकरांनीही घातला. पण ते दोन शब्द विणकरांच्या गावचे आहेत.