भंडारदऱ्याच्या काठी एक रात्र

आपल्या वस्तीतून सहल निघते ती बहुधा दीक्षाभूमी, महाड किंवा अजिंठा-वेरूळची. ती निघावीच. पण पाठीवर बोजा घेऊन डोंगरातल्या तलावाकाठी रात्र काढणे, गळ टाकून बसणे हे साहेबलोकांचे काम, असे आपण उगाच धरून चालतो. खर्च पाहिला तर तसे मुळीच नाही. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीपने घोटी, घोटीहून एस.टी.ने शेंडी. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. आमच्या सात जणांत चार बाया होत्या, म्हणजे फायदाच झाला.

शेंडी हे भंडारदरा धरणाचे गाव. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा इथे अडवली आहे. काम १९१० साली सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. भिंत २७० फूट उंच. पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्यावर जाते आणि तिथून कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाला. तलावाखाली गेलेली जमीन मात्र या डोंगरातल्या माणसांची. महादेव कोळी आणि ठाकर समाज इथे भात, नागली पिकवून राहतो.

तांदूळ, कणीक, तवा, दोन सतरंज्या, चादरी, बॅटरी एवढे सामान वाटून घेतले आणि मुरशेतच्या रस्त्याने काठाकाठाने चालत निघालो. डाव्या हाताला पाणी, उजवीकडे कळसूबाईची रांग. पोरे तासाभरातच "अजून किती?" विचारू लागली.

गळ टाकायचा तर आधी विचारायचे. आपल्या राज्यात अशा तलावांतील मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. शिवाय इथे १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याच्या माणसालाही विचारावे. आम्ही एका मासे धरणाऱ्या दादांना गाठले. त्यांच्या होकारावर, त्यांच्याच शेजारी बसलो. तंगूस, शिशाचा तुकडा, बुचाचे तरंड आणि गांडूळ. कटला, रोहूला कणकेची गोळी चालते. मरळ मात्र जिवंत आमिषावर धावते. थंडीत मासा खोल जातो, म्हणून पहाटेपेक्षा उन्हे तापल्यावर बरे, असे दादा म्हणाले. पावसाळ्यात मासळी अंड्यावर असते, तेव्हा गळ काढूच नये.

तीन तासांत आम्हाला दोन चिलापी मिळाल्या. बोटाएवढे पिल्लू लागले ते परत सोडले.

इथेच मावशींनी तोंड उघडले. "सकाळी पंचशील म्हणायचं आन् दुपारी गळ टाकायचा, हे रे काय?"

दादा हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, आमच्या आज्याचं शेत त्या पान्याखाली हाये. पानी खाली गेलं, आमच्याकडं मासा ऱ्हायला. तो बी नाय धरायचा तर पोरांना काय घालू?"

रात्री शेकोटीपाशी हाच विषय चालला. पोटासाठी मासा धरणे वेगळे आणि गंमत म्हणून तडफडवणे वेगळे, हे आमचे मत. मावशींना ते अर्धेच पटले. "दादाचं पोट हाये, तुमचं काय?" या प्रश्नावर आमच्यातले दोघे गप्प बसले. दादांकडून विकत घेतलेला कटला हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर भाजला. मावशींनी भाकरी-ठेचा खाल्ला.

वारा रात्रभर होता. कार्तिकात जाणार असाल तर कानटोपी आणि जाड चादर हवीच. तान्हे मूल असेल तर गावातल्या घरीच जागा मागावी. माणशी ठरवून पैसे घेतात, जेवणही मिळते. पोरांना पाण्यात उतरू देऊ नका, काठ एकाएकी खोल होतो. शेकोटीही गावकरी सांगतील तिथेच. मासे घ्यायचे तर काठावरच्या माणसाकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका. परतीच्या एस.टी.ची वेळ मात्र उतरल्याबरोबर शेंडीतच विचारून ठेवा.