साठ सेकंदांचे वृत्तभाष्य : प्रारंभ कसा करावा?

परळच्या पोयबावडीतून ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेल्या 'बहिष्कृत भारत'मध्ये 'आजकालचे प्रश्न' या सदरातून ते ताज्या घडामोडींवर आटोपशीर भाष्य करीत. त्या काळी कागद, छपाई, टपाल आणि वर्गणी यांची जुळवाजुळव करावी लागे. आज तेच काम हातातल्या मोबाईलवर होते. साधन सोपे झाले, जबाबदारी मात्र तेवढीच राहिली. म्हणून वृत्तभाष्याची चित्रफीत प्रथमच करू पाहणाऱ्या आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांसाठी काही गोष्टी येथे मांडीत आहोत.

एका चित्रफितीत एकच प्रश्न घ्यावा. 'मुंबईतील घरे' हा विषय मिनिटभरात मावत नाही. 'बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात मुलांच्या अभ्यासिकेला जागा हवी की नको?' हा मावतो. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळाले. ही झाली बातमी. 'घराइतकीच अभ्यासिकाही आवश्यक आहे' हे झाले आपले मत. बातमी कोठे संपली आणि मत कोठे सुरू झाले, हे प्रेक्षकाला स्पष्ट कळले पाहिजे. त्यासाठी 'आमच्या मते' हे दोन शब्द पुरतात.

बोलण्यापूर्वी लिहावे. संथ, स्पष्ट मराठीत मिनिटाला साधारण १२० शब्द बोलून होतात. तेवढीच संहिता असावी. लांबलचक नमस्कार-चमत्कार टाळून पहिल्याच वाक्यात प्रश्नाला हात घालावा : 'नायगावच्या चाळीतली मुलगी दहावीचा अभ्यास कोठे करते?' त्यानंतर तारखेसह व आधारासह बातमी, मग एक ठोस कारण देऊन आपले मत आणि शेवटी प्रेक्षकाला विचार करायला लावील असे एक वाक्य.

चित्रीकरणाला महागडी सामग्री लागत नाही. मोबाईल उभा व डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. खिडकी पाठीमागे नको, समोर असावी. म्हणजे चेहरा काळवंडत नाही. लालबागच्या रहदारीत आवाज हरवतो, म्हणून पहाटेची वेळ निवडावी आणि इयरफोनचा माईक गळ्याशी घ्यावा. लोकलमध्ये अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात. त्यांच्यासाठी पडद्यावर ठळक अक्षरांत मजकूर द्यावा. रहिवाशांचे चित्रण त्यांच्या संमतीनेच करावे. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पडताळणीची. चैत्यभूमीवरील गर्दीचे छायाचित्र कोणी पाठवले, तर ते याच ६ डिसेंबरचे आहे की मागील एखाद्या वर्षाचे, हे आधी पाहावे. किमान दोन स्वतंत्र ठिकाणी खात्री पटेपर्यंत थांबावे. चूक झालीच, तर चित्रफीत गुपचूप काढून न टाकता नव्या चित्रफितीत ती उघडपणे दुरुस्त करावी.

सम्यक वाणीत असत्य, चहाडी, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड वर्ज्य मानली आहे. प्रसारित करण्यापूर्वी या चार कसोट्या लावून पाहिल्या, तर आमच्या मुलांचे भाष्य छोटे असले तरी त्याचे मोल मोठे ठरेल. ज्यांचे म्हणणे आजही कोणी विचारीत नाही, त्यांच्या दारापर्यंत त्यांनी जावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.