राणीबागेत प्राणी सोडून झाडं बघा!

अलिबागकरांनो, मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला उतरलात की भायखळ्याची राणीबाग टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. सगळे जातात पेंग्विन बघायला. मी जातो झाडांसाठी.

ही बाग 1862 ची. 2007 च्या सुमारास महापालिकेने 400 कोटींहून मोठ्या खर्चाचा आंतरराष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाचा आराखडा आणला, तेव्हा जुन्या झाडांचं काय होणार, हा प्रश्न घेऊन काही महिला उभ्या राहिल्या. 'सेव्ह राणीबाग' मोहीम ती हीच. नुसत्या घोषणा नाहीत. झाडं मोजली, नोंदवली. 286 जातींची तीन हजारांवर झाडं! मला हे मोजणंच जास्त भावतं. प्रकरण वारसा समितीपुढे गेलं, मूळ आराखडा बदलावा लागला. पेंग्विन आले ते नंतर.

उर्वशी नक्की शोधा. म्यानमारचं झाड. लालभडक फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. हिवाळा सरताना गेलात तर फुलं दिसण्याची शक्यता जास्त. गोरखचिंचेचं अवाढव्य खोडही चुकवू नका.

आणि हो, बुधवारी बाग बंद असते.