पारा थबकतो तेव्हा

पुणे–नाशिक महामार्गावरील मंचरचा परिसर दुधाच्या व्यवसायासाठी ओळखला जात असल्याने, पदार्थाच्या अवस्था शिकवण्याचे निम्मे साहित्य येथील शाळांना स्वयंपाकघरातूनच मिळू शकते. स्थायू, द्रव आणि वायू ही नावे विद्यार्थी पाठ करतात. परंतु अवस्था हा पदार्थाचा कायमचा गुण नसून तापमान आणि दाब यांवर अवलंबून असलेली स्थिती आहे, हे पाठांतराने उमगत नाही.

त्यासाठी चुरलेला बर्फ मंद आचेवर ठेवून सतत ढवळावा आणि दर मिनिटाला तापमान नोंदवावे. आच चालू असूनही बर्फ संपेपर्यंत पारा ० अंश सेल्सिअसच्या आसपासच थबकतो, कारण मिळणारी उष्णता तापमान वाढवण्याऐवजी रेणूंची बांधणी मोडण्यात खर्ची पडते. हीच अप्रकट उष्मा. १७६० च्या दशकाच्या आरंभी ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी ती मोजली. १ ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात, म्हणजे तेवढेच पाणी ० वरून ८० अंशांपर्यंत तापवण्याइतकी उष्णता.

थिजलेले तूप गरम पाण्यात ठेवून हाच प्रयोग केला, तर आलेखात तशी सपाट पायरी उमटत नाही. तूप हे अनेक प्रकारच्या स्निग्ध रेणूंचे मिश्रण असल्याने ते एका ठरावीक तापमानाला न वितळता मऊ होत होत पातळ होते. व्याख्येत नीट न बसणारे हे तूपच वर्गाला अधिक शिकवते.

दाबाचा परिणाम पाहण्यासाठी बिनसुईच्या सिरिंजमध्ये सुमारे ६० अंशांचे थोडे पाणी (ते शिक्षकांनीच भरलेले बरे) हवा न ठेवता घ्यावे आणि तोंड बंद करून दट्ट्या जोराने ओढावा. आतील दाब घटताच पाणी उकळू लागते.

हाताने काम करत शिकण्याची ही रीत या भागाला नवी नाही: जवळच्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभारला तो याच विचारावर.

चौथी अवस्था, म्हणजे विद्युतभारित कणांचा प्लाझ्मा, पेटलेल्या ट्यूबलाइटमध्ये असते. ताऱ्यांमधील अवकाशातही अतिविरळ प्लाझ्मा पसरलेला असून, जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीकडे येणाऱ्या स्पंदक ताऱ्यांच्या रेडिओलहरींपैकी कमी वारंवारतेच्या लहरी त्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे किंचित उशिरा पोहोचतात, आणि त्या विलंबावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन आहेत याचा हिशोब मांडता येतो.