फंक्शन फसलं तर मागे काय उरतं? पायथनच्या सोर्स कोडमधली एरर फंक्शन्स आणि त्यांचं डॉक्युमेंटेशन

नेहमीप्रमाणे हा भागाचा लेखी मसुदा. अडखळणं आणि 'अं... अं...' काढून टाकलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. एक सूचना आधीच देते: फंक्शन्सची नावं मी उच्चारली तशीच देवनागरीत लिहिली आहेत. 'पायएर' म्हणजे पायथनमधला 'पाय' आणि एररमधला 'एर'.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "सी भाषेत लिहिलेल्या एका पायथन मॉड्यूलमधल्या एरर हँडलिंगच्या फंक्शन्सना कॉमेंट्स लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पण नावावरूनच सगळं कळतं की! मग लिहायचं काय?"

नावावरून फंक्शन काय करतं एवढं कळतं. ते फसलं तर मागे काय ठेवून जातं, हे कळत नाही. आणि एररच्या फंक्शन्समध्ये नेमकं तेच महत्त्वाचं असतं. उदाहरणाला आपण सीपायथनच घेऊ, म्हणजे आपण रोज वापरतो तो, सीमध्ये लिहिलेला पायथन. त्याची ही फंक्शन्स मुख्यतः 'पायथन' फोल्डरमधल्या 'एरर्स डॉट सी' या फाइलमध्ये आहेत आणि त्यांचं सविस्तर डॉक्युमेंटेशन 'डॉक' फोल्डरमध्ये, सी एपीआयच्या एक्सेप्शन्सच्या पानावर आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. पायथनमध्ये 'रेज' लिहिलं की एक्सेप्शन उडतं आणि जो पकडेल त्याच्यापर्यंत आपोआप जातं. सीमध्ये असं काही नाही. तिथे फक्त फंक्शन परत येतं. म्हणून सीपायथनने दोन गोष्टींचा करार केलाय. एक म्हणजे एरर इंडिकेटर. प्रत्येक थ्रेडचा एक लाल बावटा आहे असं समजा. काही बिनसलं की तो वर करायचा. दुसरी गोष्ट रिटर्न व्हॅल्यू. फंक्शन पॉइंटर देणारं असेल तर फसल्यावर नल द्यायचा, पूर्णांक देणारं असेल तर बहुतेक वेळा -१. बोलावणाऱ्याने ती व्हॅल्यू बघायची, आपल्या हातातलं आवरायचं आणि स्वतःही फसल्याची खूण देऊन परत जायचं. बावटा पुन्हा वर करायचा नाही, तो आधीच वर आहे.

'बहुतेक वेळा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आर्ग्युमेंट्स वाचणारी 'पायआर्ग' नावाची फंक्शन्स यशाला १ देतात आणि अपयशाला ०. म्हणजे उलटा न्याय. कुणी सरळ सवयीने -१ तपासत बसला, तर त्याला अपयश कधी दिसणारच नाही. आता सांगा, हे नावावरून कळलं असतं का?

आता पुढचा प्रकार. 'पायलाँग_ॲजलाँग' हे फंक्शन पायथनची संख्या घेऊन सीची संख्या देतं. फसलं तर -१. पण मूळ संख्याच -१ असेल तर? तीही -१ म्हणूनच येणार. म्हणून डॉक्युमेंटेशन सांगतं की -१ आला तर 'पायएर_ऑकर्ड' ला विचारा, बावटा वर आहे का. समजा हिशेबाच्या नोंदी वाचणारं मॉड्यूल आहे आणि एका रकान्यात संख्येऐवजी मजकूर आलाय. लिहिणाऱ्याने ते एक वाक्य वाचलेलं नाही. कोड -१ ही रक्कम समजून बेरजेत धरतो. क्रॅश नाही, लाल अक्षरं नाहीत. एक रुपया कमी, एवढंच.

बरं, तेवढ्यावर भागत नाही. बावटा वरच राहिलाय ना! सी एपीआयची बहुतेक फंक्शन्स यशस्वी झाली तरी आधीचा बावटा खाली करत नाहीत. युनिक्समधल्या 'एररनो' सारखीच ही रीत आहे. त्यामुळे तो जुना बावटा घेऊन कोड पुढे जातो आणि भलत्याच ठिकाणी कुणीतरी 'पायएर_ऑकर्ड' विचारतं. तिथे उत्तर येतं, 'हो, एरर आहे.' मग ज्या ओळीचा काही संबंध नाही, ती ओळ दोषी ठरते. पायथनचा इंटरप्रिटर हल्ली यावर पहारा ठेवतो. फंक्शनने नल दिला पण बावटा खाली, किंवा उत्तर दिलं पण बावटा वर, अशी विसंगती दिसली की तो सिस्टमएरर देतो. तो मेसेज दिसला की समजायचं, कुणीतरी करार मोडलाय. पण पहारा फंक्शनच्या दाराशी असतो, आत नेमकं कुठे चुकलं ते आपणच शोधायचं.

म्हणून कॉमेंट लिहिताना पहिलं वाक्य मी यशाचं लिहिते आणि दुसरं लगेच अपयशाचं: रिटर्न काय, बावटा वर का खाली, एक्सेप्शन कुठल्या प्रकारचं. अपयशाचं वाक्य लिहिता येत नसेल, तर बऱ्याचदा अडचण मराठीची किंवा इंग्रजीची नसते, त्या फंक्शनचं वागणंच ठरलेलं नसतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'पायडिक्ट_गेटआयटम'. डिक्शनरीतून की शोधायची, नाही सापडली तर नल. साधं वाटतं. पण शोधताना की चं हॅश काढावं लागतं, तुलना करावी लागते, आणि तिथेही एक्सेप्शन येऊ शकतं. हे फंक्शन ते गिळून टाकतं. 'सापडलं नाही' आणि 'शोधताच आलं नाही' या दोन्हींचं उत्तर एकच. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय आणि त्याऐवजी 'गेटआयटमविथएरर' वापरा असा सल्लाही आहे. त्यात नल आल्यावर बावटा बघायचा: वर असेल तर चूक, खाली असेल तर की नाही. पुढे ३.१३ आवृत्तीत 'पायडिक्ट_गेटआयटमरेफ' आलं. ते सापडलं तर १, नाही तर ०, चूक झाली तर -१ देतं. माझ्या मते हीच खरी दुरुस्ती. जे आधी वाक्यात समजावून सांगावं लागत होतं, ते आता रिटर्न व्हॅल्यूच सांगते.

दुसरा मोठा विषय मालकीचा. सीपायथनमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टचे किती रेफरन्स आहेत याची मोजणी चालते. त्यामुळे हातात आलेला रेफरन्स आपला की उसना, हे माहीत असावंच लागतं. 'पायएर_ऑकर्ड' जो एक्सेप्शनचा प्रकार परत देतं तो उसना. शेजारून आणलेलं पातेलं भंगारात घालायचं नसतं, तसं त्याची मोजणी कमी करायची नाही. उलट 'पायएर_रिस्टोअर' तुमच्या हातातले रेफरन्स स्वतःकडे ओढून घेतं. हाक मारण्याआधी ते तुमच्या मालकीचे असले पाहिजेत आणि नंतर तुमचे राहत नाहीत. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये कंसात एक गमतीदार इशारा आहे: हे समजलं नसेल तर हे फंक्शन वापरू नका, मी सांगून ठेवलंय. एवढ्या रुक्ष पानावर हा घरातल्या आजीसारखा दम वाचून मला दर वेळी हसू येतं. पण गंमत बाजूला ठेवली, तर ज्या फंक्शनला असा दम द्यावा लागतो त्याची रचनाच अवघड आहे. ३.१२ मध्ये, म्हणजे २०२३ साली, ते जुनं ठरवलं गेलं. प्रकार, व्हॅल्यू, ट्रेसबॅक असे तीन तुकडे सांभाळण्याऐवजी आता 'पायएर_गेटरेज्डएक्सेप्शन' एकच ऑब्जेक्ट देतं, आणि देताना बावटा खाली करतं. मालकीच्या नोंदींसाठी सीपायथनमध्ये 'रेफकाउंट्स डॉट डॅट' नावाची वेगळी फाइल आहे. तिच्यावरून 'नवा रेफरन्स', 'उसना रेफरन्स', 'नेहमी नल' असे शेरे डॉक्युमेंटेशनच्या पानावर उमटतात.

'नेहमी नल' वाचून दचकू नका. 'पायएर_फॉरमॅट' आणि 'पायएर_नोमेमरी' नेहमी नल देतात, कारण मग एकाच ओळीत बावटा वर करून नल परत देता येतो. 'पायएर_सेटस्ट्रिंग' मात्र काहीच परत देत नाही. एकाच घरातली भावंडं, पण स्वभाव वेगळे.

नाव किती फसवू शकतं ते बघायचं असेल तर 'पायएर_प्रिंट' बघा. प्रिंट म्हणजे छापेल, बस! छापतं, आणि बावटाही खाली करतं. पण एक्सेप्शन 'सिस्टमएक्झिट' असेल तर ट्रेसबॅक छापत नाही, सगळी प्रोसेसच बंद करतं. आणि बावटा वर नसताना बोलावलं तर फेटल एरर येईल, असा डॉक्युमेंटेशनचा इशारा आहे. 'एरर छापते' एवढीच कॉमेंट लिहून तुमच्या सर्व्हरमध्ये ते वापरलं, तर आतल्या एखाद्या स्क्रिप्टने एक्झिट म्हटलं की सर्व्हर गेला.

एक बारीक गोष्ट, मला फार आवडणारी. 'पायएर_एक्सेप्शनमॅचेस' बद्दल डॉक्युमेंटेशन म्हणतं की बावटा वर असतानाच बोलवा, नाही तर मेमरी ॲक्सेसची चूक होईल. प्रत्यक्ष कोड उघडून बघा, तिथे नल आला तर शांतपणे ० परत दिलेला दिसतो. मग डॉक्युमेंटेशन चूक का? मी तसं म्हणणार नाही. कोड आज काय करतो आणि तो काय वचन देतो, या दोन वेगळ्या गोष्टी. '० मिळेल' असं एकदा लिहिलं की लोक त्यावर इमले बांधतात आणि मग ते बदलता येत नाही. फक्त 'चूक होईल' असं ठामपणे लिहिण्याऐवजी 'बावटा नसताना बोलावल्यास परिणाम निश्चित नाही' असं मी लिहिलं असतं.

आता श्रोत्याच्या कामाकडे येते. समजा त्यांच्या मॉड्यूलमध्ये 'नोंद_वाच' नावाचं फंक्शन आहे. कॉमेंट अशी असू शकते: "नोंद वाचते. चूक झाल्यास एरर देते." आणि अशीही: "दिलेल्या क्रमांकाची नोंद परत देते; रेफरन्स नवा, मालकी बोलावणाऱ्याची. नोंद नसेल तर नल, बावटा खाली. फाइल वाचता आली नाही तर नल, ओएसएरर सेट. बोलावताना आधीचा बावटा वर नसावा." दुसरी लिहायला पंधरा मिनिटं जास्त लागतील, कारण कोड शेवटपर्यंत वाचावा लागेल. ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या फंक्शन्सकडे तर खास बघा. ती कधीही, दुसऱ्या एक्सेप्शनच्या मधोमधही चालू शकतात. म्हणून आधीचं एक्सेप्शन बाजूला काढून ठेवणं आणि जाताना जागेवर ठेवणं हे त्यांचं कर्तव्य, आणि ते पाळलंय की नाही हे कॉमेंटमध्ये असायला हवं.

रस्टवाल्यांनी यासाठी रीतच पाडलीय: 'एरर्स', 'पॅनिक्स', 'सेफ्टी' असे ठराविक मथळे, आणि ते नसतील तर कुरकुरणारं क्लिपी हे टूल. सीमध्ये असं कुरकुरणारं कुणी नाही. त्यामुळे कॉमेंटमधल्या अपयशाच्या प्रत्येक वाक्याला एक टेस्ट लिहा: क्रमांक नसलेला, फाइल नसलेली, की चं हॅशच फसणारं. ज्या वाक्याची टेस्ट लिहिता येत नाही ते वाक्य पुन्हा तपासा.

पुढच्या भागात ट्रेसबॅक, म्हणजे त्या लांबलचक लाल अक्षरांमधली कुठली ओळ आधी वाचायची, यावर बोलू. प्रश्न पाठवत राहा.