स्कूटर आचके देते? भाग बदलण्यापूर्वी आकडा विचारा!

कुकरची शिट्टी होईना झाली, तर आपण काही नवा कुकर आणायला धावत नाही. आधी झाकणाची रबरी रिंग पाहतो, शिट्टी धुऊन बसवतो, आत पाणी आहे ना याची खात्री करतो. हेच शहाणपण स्कूटरच्या बाबतीत आपण का विसरतो कोण जाणे! गाडीने चार आचके दिले आणि मिस्त्री म्हणाला, ‘ताई, सेन्सर गेला,’ की लगेच पर्स उघडली! पुष्कळदा हे काम हजारांत जाते. आणि दुखणे दुसरेच असेल, तर आठ दिवसांत गाडी पुन्हा तशीच.

मैत्रिणींनो, आपल्या नांदेड-लातूरकडे स्कूटर ही आता चैन राहिलेली नाही. श्रीनगरहून वजिराबादच्या बाजारात जायचे, मुलीला शिकवणीला सोडायचे, येताना किराणा आणायचा, सगळे गाडीवरच. लातूरच्या गंजगोलाईला तर १६ रस्ते येऊन मिळतात. अशा गर्दीत मागे मूल, पायाशी पिशवी आणि मधोमध गाडी बंद पडली, तर जिवाशीच गाठ! म्हणून ‘ते ह्यांना कळतं’ म्हणून हा विषय सोडून द्यायचा नाही.

हा सेन्सर आहे तरी काय?

१९७२ साली आलेली लुना काय किंवा १९८४ ची कायनेटिक होंडा काय, त्यांत कार्ब्युरेटर असे. मूठ पिळली की हवा आत जाई आणि ती आपल्याबरोबर पेट्रोल ओढून नेई. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या स्कूटरमध्ये ‘इंजेक्शन’ आले. आता पेट्रोल किती फवारायचे, हे गाडीतला छोटासा कॉम्प्युटर ठरवतो. मूठ पिळल्यावर हवेची झडप किती उघडली, हा निरोप त्याला नेऊन देणारा जो भाग, तोच थ्रॉटल पोझिशन सेन्सर.

जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण आठवते ना? फिरवताना नेमके एका जागी खर्र खर्र व्हायचे. आतली पट्टी त्या जागी झिजलेली असे. पुष्कळ गाड्यांतला हा सेन्सर त्याच जातीचा असतो. (काहींत घासणारी पट्टी नसते, तिथे चुंबकावर काम चालते.) पट्टी झिजली की निरोप मध्येच तुटतो. कॉम्प्युटर गोंधळतो, पेट्रोल कमी-जास्त फवारले जाते आणि गाडी आचका देते.

संशय केव्हा घ्यावा?

मूठ हळूहळू पिळताना दर वेळी त्याच ठिकाणी आचका बसतो. सिग्नलला उभी असताना इंजिनचा वेग आपोआप वर-खाली होतो किंवा गाडी बंद पडते. पिकअप मिळत नाही. अॅव्हरेज घटतो, ही याची लक्षणे. पण गंमत अशी, की यांतली बरीचशी लक्षणे दुसऱ्या साध्या बिघाडांचीही असतात. म्हणून दुधाच्या हिशेबाच्या वहीतच एक पान गाडीसाठी ठेवा. आचका कधी बसला, इंजिन गार होते की तापलेले, मूठ किती पिळली होती, गाडी नुकतीच धुतली होती का, हे टिपून ठेवा. डॉक्टरांना तापाचा तक्ता दाखवतो ना, तसाच हा मिस्त्रीला उपयोगी पडतो.

आधी स्वस्तातले पाहा

१. एअर फिल्टर : आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ काय असते, हे सांगायला नकोच. फिल्टर तुंबला की गाडी दमते.

२. स्पार्क प्लग : काजळी धरली असेल, तर गाडी मिसफायर करते.

३. बॅटरी : इंजेक्शनची गाडी बॅटरीवर फार अवलंबून असते. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीत साधारण साडेबारा व्होल्ट असतात.

४. मुठीची केबल : फार ढिली किंवा अडकणारी नको.

५. हवेची झडप : तिच्यावर मळी साचली, तर नुसत्या सफाईनेही काम भागते.

६. वायर आणि जोड : पावसात किंवा जोराच्या फवाऱ्याने धुतल्यावर जोडात पाणी शिरते, तिथे गंज चढतो. अंगणात उभ्या गाडीची वायर उंदीरही कुरतडतात.

आता खरी परीक्षा

मीटरच्या काट्याजवळ इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा असतो. चावी फिरवल्यावर तो पेटतो आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो. विझला नाही, तर कॉम्प्युटरने काहीतरी दोष नोंदवला आहे असे समजावे. मिस्त्री तो यंत्राने वाचतो. काही गाड्यांत दिव्याच्या उघडझापीवरूनही कळतो. पी ०१२२ आला तर सेन्सरकडून येणारा निरोप फार कमी आहे, पी ०१२३ आला तर फार जास्त. मात्र एवढ्यावरून सेन्सरच गेला असे ठरत नाही! तुटकी वायर किंवा गंजलेला जोड असला, तरी हेच आकडे येतात.

म्हणून मिस्त्रीला मल्टीमीटर लावायला सांगा. इंजिन बंद, चावी चालू. सेन्सरकडे साधारण ५ व्होल्ट पोचतात का, हे आधी पाहायचे. पोचत नसतील, तर दोष वायरीत किंवा पुढे कुठे तरी आहे, बिचाऱ्या सेन्सरचा नाही. पोचत असतील, तर निरोपाच्या वायरवर मीटर लावून मूठ अगदी सावकाश पिळायची. मूठ सोडलेली असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर चारच्या वर, असा आकडा बहुतेक गाड्यांत दिसतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतो. आकडा दुधाच्या उकळीसारखा सलग वर चढला पाहिजे. मध्येच एकदम पडला किंवा उडी मारली, तर संशय खरा ठरला. खात्रीसाठी जोड हलवून पुन्हा एकदा पाहायला सांगा.

घरी स्वतः सेन्सरचे स्क्रू सैल करू नका. त्याची बैठक कारखान्यात जुळवलेली असते. गाडी मधल्या स्टँडवर असताना इंजिन चालू करून रेस देऊ नका, मागचे चाक गरगर फिरते आणि मुले जवळ असतात.

बदलावाच लागला तर

गाडी वॉरंटीत असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच न्या. काही गाड्यांत सेन्सर सुटा मिळत नाही, पूर्ण थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते; तेव्हा खर्च आधीच विचारा. नवा भाग बसवल्यावर जुना दोष कॉम्प्युटरमधून पुसला का, हेही विचारा. पक्के बिल घ्या, जुना भाग परत मागा. फसवणूक झाली असे वाटले, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे.

यात मिस्त्रीवर अविश्वास दाखवायचा नाही. चांगल्या मिस्त्रीला विचारणारे गिऱ्हाईक आवडतेच. पण कोणी म्हणालाच, ‘ताई, साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो,’ तर शांतपणे वही उघडा आणि विचारा, ‘दादा, मीटरवर व्होल्ट किती दाखवतंय, तेवढं मलाच सांगा!’