आईच्या नावाने दहा किलोमीटर: आठवणीसाठी पळायचं, तर पैसा पोहोचतो कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग, थोडा आवरून लिहिलेला. थंडी आली की मॅरेथॉनचा सीझन सुरू होतो, आणि हल्ली पाठीवर "बाबांसाठी" किंवा "ताईच्या आठवणीत" असं छापलेले टी-शर्ट बरेच दिसतात. हे नेमकं चालतं कसं, पैसा कुठे जातो आणि आपण उतरायचं ठरवलं तर काय बघायचं, ते आज बोलू.

विषय माझ्या घरातला आहे. माझी आई स्तनाच्या कॅन्सरने गेली. येत्या जानेवारीत मी तिच्या नावाने दहा किलोमीटर पळणार आहे. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "वर्षश्राद्ध केलं, अन्नदान केलं. आता तू पळून तिला काय मिळणार गं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधताना जे हाती लागलं ते सांगते.

प्रथा तशी जुनीच

आमच्या पुनावळ्यात कोणाला ॲडमिट करायची वेळ आली की "वायसीएम" किंवा "बिर्ला" ही नावं आधी निघतात. एकाचं पूर्ण नाव यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, दुसरं आदित्य बिर्ला मेमोरियल. म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने आजाऱ्यांची सोय करायची पद्धत आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, आपल्या लक्षात येत नाही एवढंच.

यातलं मोठं उदाहरण सर दोराबजी टाटांचं. त्यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, तोही त्याच आजारावरच्या संशोधनासाठी. त्याच वर्षी ते स्वतःही गेले. पुढे त्यांच्या ट्रस्टने परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं, ते १९४१ मध्ये सुरू झालं.

आणि गंमत बघा, हेच दोराबजी पळणाऱ्यांचेही पाठीराखे होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं त्यांनी पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून खेळाडू पाठवायला मोठा हातभार लावला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. पळणं आणि दान, दोन्ही एका माणसाच्या खात्यात होतं. पण ते एकत्र जोडायची रीत पुढे दुसरीकडून आली.

किलोमीटर आणि पैसा

कॅनडाच्या टेरी फॉक्सचा पाय हाडाच्या कॅन्सरमुळे कापावा लागला होता. १९८० मध्ये कृत्रिम पायावर त्याने देश ओलांडायला सुरुवात केली. मागणी साधी: दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर, कॅन्सर संशोधनासाठी. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. मग कॅन्सर फुप्फुसात पसरल्याचं कळलं आणि थांबावं लागलं. १९८१ च्या जूनमध्ये, २२ व्या वर्षी तो गेला. तोवर कॅनडाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे दोन कोटी चाळीस लाखांच्या वर डॉलर जमले होते. त्याच्या नावाची वार्षिक दौड त्याच वर्षी सुरू झाली.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आणि तिच्यातून सामाजिक संस्थांसाठी निधी उभा राहतो. तुम्ही यादीतली संस्था निवडता, आपलं पान बनवता, ओळखीचे लोक त्यावर पैसे देतात आणि ते संस्थेला जातात.

मग आईला काय मिळणार?

आईला काही मिळणार नाही, हे मी बाबांना सरळ सांगितलं. पण किमोच्या वेळी आईशेजारी बसणाऱ्या एक मावशी होत्या. तीन फेऱ्यांनंतर त्या दिसेनाशा झाल्या. औषधाची सोय झाली होती, पण गावाहून येण्याचा आणि राहण्याचा खर्च झेपत नव्हता. आई शेवटपर्यंत त्यांची चौकशी करायची.

बारामतीच्या लता करे तुम्हाला आठवत असतील. साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि तीन किलोमीटरची शर्यत जिंकल्या. कशासाठी? नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून. आपण सगळे कौतुकाने टाळ्या वाजवतो. पण कोणावर ही वेळच येऊ नये, यासाठी कोणीतरी आधी पळायला हवं ना?

म्हणून संस्था निवडताना मी "कॅन्सर" या शब्दावर थांबले नाही. पेशंटचा प्रवास, राहणं आणि जेवण यावर खर्च करणारी संस्था शोधली. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटामध्ये येणाऱ्या पेशंटना आसरा देते, त्या प्रकारचं काम. तुमच्या माणसाच्या आजारपणात तुम्ही कशाची ओढाताण पाहिली, ते आठवा. निवड तिथूनच होते.

उतरण्याआधी हे बघा

१. एन्ट्री फी म्हणजे देणगी नव्हे. फी बहुतेक आयोजनातच जाते. छोट्या स्थानिक रनमध्ये "सामाजिक उपक्रमासाठी" एवढंच लिहिलेलं असेल, तर कोणत्या संस्थेला आणि किती, हे विचारा.

२. पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. संस्थेची लिंक द्या. हिशेबाचा प्रश्नच उरत नाही आणि देणाऱ्याच्या नावाने पावती निघते.

३. ८०जी ची करसवलत जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनाच मिळते, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर मिळत नाही.

४. सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक भावुक मेसेज नको. माझा असा आहे: "आईच्या नावाने १० किलोमीटर पळतेय. दर किलोमीटरला ५० रुपये दिलेत तर ५०० होतात. पैसे पेशंटच्या राहण्या-जेवणासाठी. लिंक खाली." कोणाला जमलं नाही तर पुन्हा आठवण करत नाही.

५. तयारीला तीन-चार महिने द्या. चाळिशी उलटली असेल किंवा बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पुनावळेकरांनो, पहाटे लवकर निघा. सातनंतर अंडरपासपाशी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि रेडिमिक्सचे ट्रक अंधारातही चालू असतात. चमकणारं जॅकेट घाला.

आणि पळायचंच असं नाही. गुडघे दुखत असतील तर चाला. बाबा आता रावेतच्या पुलापर्यंत माझ्याबरोबर चालत येतात. त्यांनी पाचशे रुपये दिलेत, पावती मात्र आईच्या नावाने मागत होते. पावती देणाऱ्याच्याच नावाने निघते, हे समजावताना थोडा वेळ गेला.

तुम्ही कोणासाठी पळताय, ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू.